नाक्यावरची पिल्लं

ग्रेवाल आंटी आमच्या घरी कोंबड्या द्यायला आल्या, पण कोंबड्या गाडीतच ठेवून आधी एकट्या आत आल्या. मुलगी बघायला आल्यासारखं त्यांनी घर बघितलं. मागचं अंगण पावलांनी मोजलं. शेजारी कुत्रं आहे का, मांजर कुणाची, पावसात पाणी कुठे साचतं, हे सगळं विचारून झालं. मग माझ्याकडे बोट दाखवून माझ्या बायकोला, शैलजाला, म्हणाल्या, "ये खाता है?"

"कभी कभी," शैलजा म्हणाली. मी मिरजेचा, सरकारी प्रयोगशाळेत नोकरीला, आणि रविवारच्या रश्श्यावर माझा जीव. ते तिनं लपवलं नाही.

"सच बोलती है," म्हणून आंटींनी गाडीतून टोपली मागवली.

ही गोष्ट अठ्ठ्याऐंशी सालच्या मार्चमधली. आम्हाला चंदीगडला बदलून येऊन तीन वर्षं झाली होती. ग्रेवाल आंटी म्हणजे एका कर्नलच्या विधवा, दोन सेक्टर पलीकडे मोठ्या बंगल्यात एकट्या राहायच्या. पंजाबात तेव्हा दहशतवादाचं काय चाललं होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. संध्याकाळ झाली की रस्ते ओस पडायचे, सकाळी पेपर उघडायची भीती वाटायची. आंटींच्या मुलानं परदेशातून हट्ट धरला होता की आता एकटी राहू नकोस, निघून ये. घर विकलं, सामान वाटलं. उरली ती ही कोंबडा-कोंबडीची जोडी.

टोपलीतून जे निघालं त्याला कोंबडी म्हणायला माझी जीभ धजेना. पांढऱ्या लोकरीचे दोन गोळे. पिसं नव्हतीच, मांजरासारखी मऊ केसाळ लव होती. डोक्यावर कापसाचा झुपका, आत कातडी काळीकुट्ट, आणि पायाला चारऐवजी पाच बोटं. या जातीला सिल्की म्हणतात. उडता येत नाही, भिजलं तर लगेच आजारी. पाळायचं ते केवळ शोभेसाठी.

जाता जाता आंटींनी शैलजाचा हात धरून एक वचन घेतलं. त्या म्हणाल्या, "अंडं कोंबडीखाली ठेवायच्या आधी पिल्लाचं घर ठरव. नंतर नाही, आधी. या जातीत नर की मादी, ते पाच-सहा महिने कळत नाही. मादी सगळ्यांना हवी असते, नर कुणालाच नको असतो. त्यामुळे सगळे नरच निघतील असं धरून चाल. आणि एकटं पिल्लू कुणाला देऊ नको, दोन दे."

माझी बायको वचन देते तेव्हा मला जरा धडकीच भरते, कारण ती ते पाळते.

मे महिन्यात कोंबडी खुडूक झाली. म्हणजे अंडी घालायचं सोडून उबवायला बसली. शैलजा रोज तिच्याखालची अंडी काढून घ्यायची. घरं ठरलेली नव्हती ना! तर ही बया रिकाम्या जागेवर बसली. तिथून उठवली तर माझ्या बुटावर बसली. शेवटी आमच्या लीनाचा टेनिसचा चेंडू पोटाखाली घेऊन तिनं सतरा दिवस काढले. लीना तेव्हा दहा वर्षांची. मराठी सगळं कळायचं, पण उत्तर मात्र हिंदीत.

"आई, उसको एक तो अंडा दे दो ना. देखो कैसे बॉल को प्यार कर रही है!"

"आणि पिल्लू झालं की कुणाला देणार?"

"हम रख लेंगे."

"नर निघाला तर? एका अंगणात दोन नर मारामारी करतात. मग?"

लीनानं माझ्याकडे पाहिलं. मी पेपरात डोकं घातलं.

गणपतीत मराठी मंडळात सगळे जमले, तेव्हा शैलजा वही घेऊनच गेली. आरती झाली, प्रसाद वाटला आणि हिनं स्थळं बघायला सुरुवात केली. अंगण आहे का, भाड्याचं घर की सरकारी, बदली कधी व्हायची, घरातल्या ज्येष्ठांना पहाटेच्या आरवण्याचा त्रास होईल का. लोक आधी हसत हसत "आम्हाला एक कोंबडी द्या हो" म्हणायचे. मग ती विचारायची, "आणि कोंबडा निघाला तर?" की प्रसादाची वाटी आणायला उठून जायचे.

सबंध मंडळात दोनच घरं टिकली. एक सुमेधाचं. तिचा नवरा हवाई दलात, कँपमध्ये भलंमोठं अंगण. दुसरं राजाभाऊंचं, ते बँकेत होते. दोघांनी वहीत सही केली, "जे निघेल ते सांभाळू." घरं दोन म्हणून अंडी चार. पुन्हा खुडूक झालेल्या कोंबडीखाली पाचवं सुद्धा मावत होतं, पण शैलजानं त्याचं मला ऑम्लेट करून दिलं.

एकविसाव्या दिवशी चारही पिल्लं बाहेर आली. वचन पाळणाऱ्या माणसाचं सगळं ठरल्याप्रमाणे होतं, असं मला दोन महिने वाटत राहिलं. मग सुमेधा तिची दोन घेऊन गेली, आणि त्याच आठवड्यात राजाभाऊंची नागपूरला बदली झाली.

"आठ महिने खटपट करत होतो हो," राजाभाऊ फोनवर म्हणाले. "मुलं शाळेतून यायला पाच मिनिटं उशीर झाला तरी हिचा जीव खालीवर होतो. आता या कोंबड्यांपायी थांबू का?"

शैलजानं त्यांना प्रवासासाठी धपाटे करून दिले आणि वहीतलं नाव खोडलं.

मग डेराबस्सीत औषधांचा कारखाना असलेले एक चोप्रा आले. मोठी गाडी, मोठं घर, मोठी बाग. सगळ्या प्रश्नांची उत्तरं त्यांनी चोख दिली. दोन्ही पिल्लं टोपलीत घातली, टोपली गाडीत ठेवली, आणि मग प्रेमानं म्हणाले, "हमारे हकीमजी ने बताया है, काली मुर्गी का शोरबा घुटनों के लिए अव्वल है. माताजी चार साल से परेशान हैं."

शैलजानं गाडीचं दार उघडून टोपली परत घेतली. "माताजी को डॉक्टर को दिखाइए," एवढंच म्हणाली आणि घरात गेली. चोप्रांना चहा मी पाजला.

अशी ती दोन आमच्याकडेच वाढली. मार्चमध्ये एकानं मान वर करून पहिली बांग दिली. कुणी बंद पडलेली स्कूटर चालू करायचा प्रयत्न करावा, तसा आवाज. दुसरा आरवत नव्हता, पण छाती काढून पहिल्याच्या अंगावर जायचा. "हाही नरच," शैलजानं निदान केलं, "लाजाळू आहे, आरवेल सावकाश." त्यांचा बाप दोघांनाही टोचून रक्तबंबाळ करायला लागला. आता एका अंगणात तिघं राहणं शक्यच नव्हतं.

शहराबाहेरच्या खरड गावात माझ्या एका सहकाऱ्याचा मेव्हणा तयार होता. एका रविवारी मी दोघांना डालग्यात घातलं आणि स्कूटरवर निघालो. तिथे पोचलो तर घराला कुलूप. मेव्हणा दिल्लीला गेला होता आणि शेजाऱ्यांच्या मते परत येणार नव्हता. तसाच माघारी फिरलो.

आमच्या सेक्टरच्या कोपऱ्यावर नाका होता. वाळूच्या पोत्यांची भिंत, वर पत्रा, आत बंदूकधारी जवान. रोज जाता-येता स्कूटर थांबवायची, डिकी उघडून दाखवायची. त्या दिवशी एका पोरसवदा जवानानं डालग्याकडे बोट केलं.

"इसमें क्या है?"

"मुर्गे."

त्यानं बंदुकीच्या नळीनं फडकं उचललं आणि दोन पावलं मागे सरला. "साब! इसमें कुछ और है!"

आतून हवालदार आला. पंचेचाळिशीचा, गोरा, मिशा पिकलेल्या. छातीवर नाव होतं बिष्ट. त्यानं वाकून बघितलं. पांढऱ्या झुपक्याखालून चार काळे डोळे त्याच्याकडे बघत होते.

"खरगोश है," तो म्हणाला.

"नहीं जी, मुर्गा है."

"मैं गढ़वाल का हूँ. मेरे घर में बीस मुर्गियाँ हैं. मुर्गा मुझे मत सिखाओ."

तेवढ्यात एकानं बांग दिली. नाक्यावरचे सहाच्या सहा जवान हसायला लागले. मी त्या नाक्यावरून चार वर्षं ये-जा करत होतो, पण तिथे हसण्याचा आवाज कधी ऐकला नव्हता. बिष्टनं दोन्ही हातांनी तो गोळा उचलला, गालाला लावला आणि बराच वेळ खाली ठेवला नाही. मग म्हणाला, "ये हमको दे दो."

मी म्हटलं, "मेरे हाथ में नहीं है. बीवी से पूछना पड़ेगा."

त्यानं समजूतदारपणे मान हलवली. बायको त्यालाही असावी.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शैलजा वही घेऊन नाक्यावर गेली. मी बरोबर होतो, पण दोन पावलं मागे. ज्या माणसासमोर सगळं शहर हात वर करून उभं राहायचं, त्याची माझ्या बायकोनं उलटतपासणी घेतली.

"आप खाएँगे तो नहीं?"

"मैं मांस नहीं खाता, भाभीजी."

"और ये बाकी लोग?"

बिष्टनं मागे वळून पाहिलं. सहाही जवान जमिनीकडे बघत होते. "ये खाते हैं," तो प्रामाणिकपणे म्हणाला. "लेकिन इनको नहीं खाएँगे. मेरा हुक्म है."

"हुक्म नहीं, दस्तख़त."

सातही जणांनी वहीत सह्या केल्या. एकाला लिहिता येत नव्हतं, त्यानं बंदूक मांडीवर ठेवून अंगठा दिला. पावसाचं काय, हा प्रश्न आला तेव्हा बिष्टनं हातानं पोती दाखवली. दोन दिवसांत त्यांनी वाळूच्या पोत्यांचं असं खुराडं बांधलं की त्याच्यापुढे आमचं म्हणजे झोपडी. गोळीही आत गेली नसती, मांजर तर सोडाच.

जूनमधल्या एका दुपारी दारावर थाप पडली. मी उघडलं. बाहेर पूर्ण गणवेशात बिष्ट, खांद्याला बंदूक, चेहरा पडलेला. त्या दिवसांत दारात वर्दी म्हणजे वाईट बातमीच असायची. लीना घरात आहे ना, हे मी आधी वळून बघितलं.

"भाभीजी हैं?" त्यानं हळू आवाजात विचारलं.

शैलजा पदराला हात पुसत बाहेर आली. बिष्टनं टोपी काढली.

"भाभीजी, गड़बड़ हो गई. वो दूसरा वाला... वो मुर्गा नहीं है."

"मतलब?"

"अंडों पर बैठा है."

लाजाळू नर! तो पोत्यांच्या मागे एका जुन्या हेल्मेटात महिनाभर गुपचूप अंडी घालत होता, म्हणजे होती. बसून राहते, काही खात नाही, म्हणून जवानांना वाटलं आजारी आहे. त्यांनी तिला ग्लुकोजचं पाणी पाजलं. आज कुणीतरी उचलून बघितलं तर खाली आठ अंडी.

"कितने दिन से बैठी है?"

बिष्टनं बोटांवर मोजलं. "जिस दिन तेजपाल छुट्टी पर गया... बारह दिन."

शैलजानं टॉर्च घेतला आणि तशीच उन्हात निघाली. नाक्यावर पत्र्याखाली अंधार करून तिनं एकेक अंडं टॉर्चपुढे धरलं. दोन आतून स्वच्छ, म्हणजे रिकामी होती, ती बाजूला काढली. सहांमध्ये कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल रेषा, मध्ये काळा ठिपका. तो ठिपका हलला.

"ज़िंदा है साब!" पोरसवदा जवान ओरडला, आणि शैलजा अंडं जपून परत ठेवून पोत्यावर बसली.

"चूक माझी आहे," ती मला मराठीत म्हणाली. डोळ्यांत पाणी होतं. "मीच बघून सांगितलं नर आहे म्हणून. बहीण-भाऊ एकत्र दिले मी. आंटींना काय तोंड दाखवू?"

मी म्हटलं, "आंटी टोरांटोला आहेत."

हे बोलायला नको होतं. नऊ दिवसांत सहा पिल्लांची घरं शोधायची होती. मंडळातले लोक आता वही दिसली की रस्ता बदलत होते. बिष्टनं मिशी कुरवाळली. मग म्हणाला, "भाभीजी, यहाँ से रोज़ हज़ार आदमी गुज़रता है. सबको रोकना तो हमको है ही."

शैलजानं दोन दिवस नाही म्हटलं. तिसऱ्या दिवशी उन्हं उतरल्यावर नाक्यावर एक घडीची खुर्ची मांडली गेली आणि तिच्यावर माझी बायको, मांडीवर वही. मी ऑफिसातून परत येताना तो देखावा पाहिला, आणि बदलीचा अर्ज करायचा विचार पहिल्यांदा मनात आला.

स्कूटर थांबायची. कागद बघून व्हायचे. डिकी बघून व्हायची. मग बिष्ट त्याच कडक आवाजात विचारायचा, "घर में आँगन है?"

समोरच्याचा चेहरा पांढरा पडायचा. "जी... है जी."

"बिल्ली?"

"जी?"

"बिल्ली रखी है घर में?"

"नहीं जी, क़सम से नहीं जी."

"दो मुर्गे रखोगे? शायद मुर्गी निकले. पक्का नहीं है."

"रख लेंगे जी! जितने कहो रख लेंगे!"

पहिल्या संध्याकाळी अकरा जण तयार झाले. बिष्ट खूश. शैलजानं वही मिटली.

"ये नहीं चलेगा, बिष्टजी. बंदूक़ के सामने तो मैं भी हाँ बोलूँगी. सबको बोलिए, घर जाकर सोचो. जो कल अपने आप वापस आएगा, उसी का नाम लिखूँगी."

"अपने आप?" बिष्ट म्हणाला. "भाभीजी, नाके पर अपने आप कौन आता है?"

त्याचं बरोबर होतं. दुसऱ्या दिवशी अकरांपैकी एकही आला नाही. त्यातल्या दोघांनी तर म्हणे कामावर जायचा रस्ताच बदलला. तिसऱ्या दिवशीही तेच. कोंबडी हेल्मेटात शांत बसलेली. जवान पोत्यांवर ओलं गोणपाट टाकून तिला उन्हापासून जपत होते, स्वतः घामानं निथळत. शैलजाला झोप लागेना. एकदा ती म्हणाली, "अंडी तेव्हाच काढायला हवी होती." थोड्या वेळानं म्हणाली, "पण ठिपका हलला हो."

पाचव्या संध्याकाळी एक म्हातारे सरदारजी सायकल हातात धरून चालत नाक्यावर आले. मागून त्यांची बायको, डोक्यावर दुपट्टा. आपणहून येणारा माणूस बघून जवानांनी आधी बंदुका सावरल्या.

"परसों मुझसे पूछा था," सरदारजी म्हणाले. "मैं खरड में मास्टर था, हरबंससिंग. घर जाकर बीवी को बताया कि नाके पर मुझसे बिल्ली का पूछा. ये मानती ही नहीं. कहती है, बुढ़ापे में झूठ बोलने लगे हो. अब दिखा दो इसको."

बिष्टनं खुराड्याचं गोणपाट बाजूला केलं. म्हातारी वाकली. हेल्मेटातल्या पांढऱ्या झुपक्याकडे बघत राहिली, मग तोंडाला दुपट्टा लावून हसायला लागली. इतकी हसली की तिला शैलजाच्या खुर्चीवर बसवावं लागलं. मास्तरांनी नाक्यावरच्या एकेका बंदुकीकडे बघितलं आणि तेही हसले. शैलजानं वही उघडली.

"मास्टरजी, सारे मुर्गे निकले तो?"

"बेटी, मैंने चालीस साल लड़कों का स्कूल चलाया है."

त्यांनी चार पिल्लं घेतली. उरलेली दोन, सेक्टर बावीसमधल्या नलिनी मेहता नावाच्या मुख्याध्यापिकेनं. मास्तरांनीच त्यांना पाठवलं, आणि त्याही आपल्या पायानं नाक्यावर आल्या, रांगेत उभ्या राहिल्या, डिकी नसल्यामुळे पर्स उघडून दाखवली. पिल्लं बाहेर आली त्या दिवशी नाक्यावर लाडू वाटले गेले. त्या संध्याकाळी स्कूटरवाल्यांना डिकी उघडायच्या आधी लाडू घ्यावा लागत होता.

ऑगस्टमध्ये बिष्टची तुकडी हलली, कुठे ते त्यांनाही सांगितलेलं नव्हतं. कोंबडा त्यानं आमच्या सल्ल्यानं आपल्या गावी धाडला, सुटीवर जाणाऱ्या एका जवानाबरोबर. कोंबडी मात्र ट्रकमध्ये पुढच्या सीटवर, त्याच्या मांडीवर होती. शैलजानं त्याला शेवटची ताकीद दिली, की आता नर आसपास दिसला तर अंडं रोज उचलायचं.

"रोज़ उठाऊँगा," बिष्ट म्हणाला. मग एकदम सावधान उभा राहिला आणि त्यानं माझ्या बायकोला कडक सलाम ठोकला. तिनं नमस्कार केला. ट्रक वळेपर्यंत हात जोडलेलेच राहिले.

डिसेंबरात आम्ही पिल्लं बघायला खरडला गेलो. शैलजाचा तो नियमच होता, सहा महिन्यांनी जाऊन बघायचं. मास्तरांच्या अंगणात उन्हात खाट टाकलेली, आणि भोवती चार पांढरे झुपके फिरत होते. आम्ही बसतोय तोच एक आरवला. त्याला दुसऱ्यानं उत्तर दिलं. मग तिसऱ्यानं. शैलजानं चौथ्याकडे पाहिलं. त्यानंही मान वर केली.

"चारों?" तिनं हळूच विचारलं.

"चारों," मास्तर म्हणाले. "सुबह चार बजे से. आगे की मत सोचो बेटी, चारों कोनों में अलग-अलग बाड़े बना दिए हैं. लड़ें तो लड़ें कैसे."

"और माताजी? उनको तकलीफ़ नहीं होती?"

मास्तरांनी कानाला हात लावून बायकोकडे खूण केली. म्हातारी चुलीपुढे बसून मक्याच्या भाकऱ्या थापत होती. "वो तो दस साल से ऊँचा सुनती है. कल मुझसे कह रही थी, मुर्गे बड़े शरीफ़ हैं, बोलते ही नहीं."

लीना खाटेवर पोट धरून लोळायला लागली. भाकऱ्या आल्या, मोहरीच्या पाल्याचं साग आलं, वर लोण्याचा गोळा. अंधार पडायच्या आत घरी पोचायचं होतं म्हणून मी सारखा घड्याळ बघत होतो, पण म्हातारी तिसरी भाकरी वाढल्याशिवाय ऐकेना. तिला ऐकू येत नव्हतं, हे खरंच होतं.